पांढऱ्यातून काढलेला आंबा

काका कुणाचेच काका नव्हते. आम्ही, म्हणजे त्यांच्या स्टुडिओत काम शिकायला आलेले आणि यथावकाश पळून गेलेले सगळेजण, तोंडावर त्यांना काका म्हणायचो. पाठीमागं जे म्हणायचो ते छापण्यासारखं नाही. मी मात्र पळालो नाही. यात निष्ठा शोधू नका. मला दुसरीकडं कुणी ठेवून घेतलं नसतं, एवढंच.

रत्नागिरीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. काका गेले, आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. तरी त्या गल्लीतून जाताना मी अजून मान खाली घालून जातो. वर बघितलं की आतून हाक यायची, "काय रे शिंच्या, कालच्या बाईचा कान कुठाय?"

कान मीच उडवलेला असायचा. धंदाच आमचा तसा होता. लोक पासपोर्ट फोटो घेऊन यायचे, मागं पांढरं. ते पांढरं कॉम्प्युटरवर काढून टाकायचं आणि उरलेल्या माणसाला बॅनरवर नेऊन ठेवायचं. वाढदिवस असेल तर मागं फुगे, लग्न असेल तर गुलाब, श्रद्धांजली असेल तर ढग. माणूस तोच, पुष्कळदा फोटोही तोच. आता फोनवर नुसतं बोट दाबून धरलं की माणूस सुटून हातात येतो. तेव्हाही झटपट उपाय होतेच, पण काकांना ते चालत नसत. ते पेन टूल घेऊन बसायचे आणि माणसाच्या कडेकडेनं एकेक टिंब देत जायचे, बागेला दगडी गडगा घालावा तसे. हनुवटीपाशी टिंबं दाट, खांद्यावर विरळ, केसांपाशी शिव्या.

"पांढरं कोणीही काढील," ते म्हणायचे. "कड राखता आली पाहिजे. कड बघ, कड!"

हा रोग त्यांच्या डोळ्यांत इतका भिनला होता की रत्नागिरीतली समस्त माणसं त्यांनी कापायला सोपी आणि कापायला अवघड अशी दोन जातींत विभागली होती. टक्कल पडलेलं गिऱ्हाईक आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "या, या! बसा. अशी माणसं हवीत." त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपली काहीतरी ओळख निघाली. कुरळ्या केसांच्या बाईला मात्र दारातच, "केस बांधून या." आणि गजरा म्हणजे साक्षात वैर. पांढऱ्या पडद्यापुढं पांढरी फुलं. कळी कुठं संपते आणि पडदा कुठं सुरू होतो ते देवालाही सांगता येणार नाही. एकदा एका नव्या नवरीला त्यांनी "तो गजरा काढा आधी" असं अशा आवाजात सांगितलं की तिची सासू उभी राहिली. "सवाष्णीला असं बोलतात? जीभ झडेल तुमची!" काका म्हणाले, "जीभ झडली तर चालेल, बाई. कड जाता कामा नये." ते लग्न दुसऱ्या स्टुडिओत गेलं, आणि त्यामागून त्या घरातली पुढची सगळी लग्नं आणि बारशीही.

मला वाटायचं, काका मुद्दाम गिऱ्हाईक घालवतात. मग कळलं, मुद्दाम नाही. गिऱ्हाईक त्यांना दिसतच नव्हतं. फक्त त्याची बाह्यरेषा दिसत होती.

दाभोळचा एक मच्छीमार आला होता. त्यानं नवी होडी घेतली होती आणि तिच्या पूजेच्या बॅनरवर त्याला स्वतःचा फोटो हवा होता. फोटो त्यानं स्वतःच आणला होता, चुन्याच्या भिंतीपुढं काढलेला, छाती पुढं, खांद्यावर जाळं. काकांनी फोटो बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत एक घाणेरडी चमक आली. जाळ्याच्या प्रत्येक भोकात पांढरी भिंत दिसत होती. म्हणजे प्रत्येक भोक वेगळं कापायचं. काका बसले. दुकानात येईल त्याला "उद्या या" सांगत बसले. मी मध्येच म्हटलं, "काका, मागं निळा समुद्रच टाकायचाय ना? जाळ्यात थोडं पांढरं राहिलं तर फेस वाटेल." ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "तुझ्या डोक्यात राहिलंय ते पांढरं."

पूजेचा दिवस तोंडावर आला तरी भोकं संपेनात. शेवटी तो माणूस आला, पडद्यावरचं ते भरतकाम बघितलं आणि हात जोडून म्हणाला, "काका, जालं ऱ्हावदे. माझा एकट्याचा टाका." काकांनी त्याला तसाच टाकून दिला. नुसता माणूस, खांदा एका बाजूला झुकलेला, कशामुळं ते कळत नव्हतं. पैसे घेतले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलले मात्र नाहीत, जणू जाळं मीच फाडलं होतं.

आता माझ्या कर्तबगारीचं सांगतो, नाहीतर वाटेल की मी फक्त बघ्या होतो. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर होता आणि काका जेवायला गेले होते. मी म्हटलं, दाखवू या आपलाही हात. मॅजिक वँड नावाची एक कांडी असते. पांढऱ्यावर टेकवली की फोटोतलं सगळं पांढरं एकदम निवडलं जातं, डिलीट दाबलं की गेलं. टेकवली, दाबलं, गेलं. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. मग मागं भाट्याचा समुद्र टाकला, बॅनरचं नाव-गाव टाकलं, काका यायच्या आत पुन्हा न बघताच छापलं, आणि मारुती मंदिराजवळ तो लागलाही.

सगळं पांढरं गेलं होतं. मागचंही आणि साहेबांचंही. साहेबांच्या डोळ्यांतून समुद्र दिसत होता. सदरा नव्हताच, त्या जागी वाळू. आणि ज्या हास्यासाठी साहेब तालुक्यात प्रसिद्ध, त्या हास्यात दातांच्या जागी लांबून एक होडी चालली होती.

कार्यकर्ते दुकानात आले तेव्हा मी माळ्यावर होतो. काका खाली एकटेच उभे होते. ते माझी बाजू घेतील असं मला एक क्षणभर वाटलं. काका शांतपणे म्हणाले, "पोरगा मूर्ख आहे. वर बसलाय. घेऊन जा." नंतर मी बराच वेळ रडवेला होऊन बसलो होतो, तर म्हणाले, "खाली जांभळा रंग टाकून बघायचं असतं. दहा वेळा सांगितलंय. पांढऱ्यावर भोक दिसत नाही." एवढंच. माझ्या सुजलेल्या गालाबद्दल एक शब्द नाही.

असा हा माणूस, आणि त्याला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती. आंब्याच्या खोक्यावर आपला आंबा.

काकूंची माहेरची हापूसची काही कलमं होती, पावसच्या वाटेवर, कातळात सुरुंग लावून खड्डे काढून त्यांच्या वडिलांनी लावलेली. स्टुडिओचं वर सांगितलंच; घर चालायचं ते त्या कलमांवर. दर वर्षी पहिली अढी लागली की काका तिथं जायचे आणि पेंढ्यातलं एकेक फळ उचलून बघायचे, मुलगी बघायला गेल्यासारखे. शेपन्नास नाकारायचे. मग एक निवडून, देठासकट, रुमालात बांधून मांडीवर घेऊन रिक्षातून आणायचे. खिडकीशी पांढरा कार्डपेपर वाकवून ठेवायचा, त्यावर आंबा. मला श्वास बेतानं घ्यायची सूचना असे. फोटो पांढऱ्यावर काढायचा आणि मग जन्म घालवून ते पांढरं काढायचं. मी विचारलं, मग पांढऱ्यावर काढायचाच कशाला, तर म्हणाले, "पांढऱ्याजवळ ठेवल्याशिवाय पिवळा किती पिवळा आहे ते कळत नाही." हे मात्र मला पटलं होतं.

तो कापलेला आंबा ते पेन ड्राइव्हवर ठेवायचे आणि पेन ड्राइव्ह जानव्याला, किल्लीशेजारी. कॉम्प्युटरवर त्याची प्रत ठेवत नसत, कारण कॉम्प्युटरपाशी मी असायचो.

बागायतदारांची एक संस्था होती, काकू तिच्या सभासद. संस्थेनं ठरवलं की यंदापासून सगळ्यांचा माल एकाच नावानं, एकाच खोक्यातून जायचा आणि खोक्यावर एकच आंबा. काकांना वाटलं, विचारायचंच काय? रत्नागिरीत पांढऱ्यातून नीट काढलेला आंबा एकच आहे. त्यांनी त्या वर्षीचा आंबा असा कापला की मीसुद्धा गप्प झालो. देठाच्या तुटलेल्या टोकावर सुकलेला चीक होता, त्याचीही कड राखली होती. आणि खांद्याच्या जरा खाली एक काळा डाग होता, मोहरीएवढा. तोही.

मी म्हटलं, "काका, हा डाग घालवायचा काय?"

"का? तुझा आहे?"

सभेला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकू मागच्या रांगेत बायकांत बसल्या होत्या. प्रोजेक्टर मी चालवणार होतो. चेअरमन म्हणाले, "दाखवा काका, तुमचं रत्न." काकांनी शर्टात हात घातला आणि जानवं ओढायला लागले. पुढच्या रांगेला वाटलं, काही चावलं. पेन ड्राइव्ह निघाला. आंबा भिंतीवर आला आणि सभेत खरोखर एक हुंकार उठला. बागायतदार माणसं, आंबा कळतो त्यांना. एक म्हातारे म्हणाले, "ह्यो आपला."

तिथं थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, ह्यांना कड कुठं दिसली अजून? आमच्याकडं काम दाखवायचं म्हणजे झूम करायचं, दुसरी रीतच मला ठाऊक नव्हती. काकांची कड सभेला दिसावी म्हणून मी मोठ्या अभिमानानं झूम केलं. जरा जास्तच झालं. कड बाजूला गेली, आणि भिंतीवर तो डाग आला. परातीएवढा.

"अरे, हा सडलाय!" कुणीतरी म्हणालं.

मी घाईघाईनं मागं यायला गेलो तर आणखी पुढं गेलो. आता भिंतीवर दुसरं काहीच नव्हतं.

"सडलाय कसला? चिकाचा डाग आहे," काका म्हणाले. "तुमच्या प्रत्येकाच्या बागेत आहे."

"बागेत असू दे हो," चेअरमन म्हणाले. "खोक्यावर कशाला? तेवढा पुसा. आणि गालाला जरा लाली द्या. मुंबईचं गिऱ्हाईक रंग बघतं."

"हापूस लाल नसतो."

"जरा दिली तर काय बिघडतं?"

"तुमच्या कपाळावर मस आहे," काका म्हणाले. "बॅनरवर ती दर वेळी ठेवतो मी. पुसू काय यापुढं? ओळखतील तुम्हाला?"

सभा हसली. चेअरमन हसले नाहीत. ती मस त्यांना किती सलत असावी हे त्या क्षणी मला दिसलं, कारण मी त्यांचे बॅनर केले होते आणि ती दर वेळी पुसा म्हणून त्यांचा माणूस येऊन सांगून जायचा, आणि काका दर वेळी ती परत लावायचे. चेअरमन म्हणाले, "बघू या." ह्या शब्दाचा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो.

घरी जाताना काका-काकू रिक्षात मागं, मी पुढं ड्रायव्हरशेजारी, अर्धा बाहेर.

"एक डाग पुसला असतात तर हात झडले असते काय?" काकू म्हणाल्या.

"आज डाग. उद्या खांदा. परवा म्हणतील, बाठा काढा."

"तुम्हाला डागाची काळजी. माझी फळं ज्या खोक्यातून जायचीत त्या खोक्याचा मालक तो आहे. त्याला कपाळावरून बोललात, चारचौघांत."

"फळ चांगलं असलं की खोकं कोण बघतो?"

"अहो, खोकंच बघतात!" काकू ओरडल्या. "फळ आत असतं!"

मी डागाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर काकू म्हणाल्या, "तू तर बोलूच नको मेल्या."

खोक्यावरचा आंबा चेअरमनच्या पुण्यातल्या जावयानं दिला. इंटरनेटवर मिळाला म्हणे, फुकट, पांढरं आधीच काढलेला. हंगाम सुरू झाला तशी खोकी आली. काकू एक खोकं घेऊन तडक स्टुडिओत आल्या आणि टेबलावर घड्या घालून उभं केलं.

मला हसू आलं, मी कबूल करतो. आंबा गोल गरगरीत होता, खांदे नसलेला, गालावर लिपस्टिक लावावी तशी लाली, खाली पोपटासारखी चोच. कुठल्यातरी सातासमुद्रापलीकडच्या जातीचा असावा. हापूसला चोच नसते हे आमच्या इथं ज्याच्या दारात आंब्याचं झाड नाही त्यालाही माहीत आहे. अख्ख्या कमिटीनं तो बघितला होता, मंजूर केला होता, त्यावर सह्या केल्या होत्या, आणि ते सगळे बागायतदार होते. चेअरमननी आणलेल्या आंब्याला "हा आंबा आपला नव्हे" असं म्हणायला कुणी उभा राहिला नव्हता. उभं राहणारा एकच माणूस होता, आणि त्याला कमिटीच्या त्या सभेला बोलावलंच नव्हतं.

मी वाट बघत होतो की आता काकांचा स्फोट होणार. काकांनी खोकं उचललं, खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर सरकवून त्या आंब्याच्या भोवती नखानं हळूहळू रेघ ओढली, पूर्ण वळसा.

"कटिंग बरं आहे," ते म्हणाले. आणि खोकं काकूंना परत दिलं.

माझ्या कुठल्याही कामाला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं.

मग पुण्याहून फोन यायला लागले. काकूंची तिथली जुनी गिऱ्हाइकं होती, वर्षानुवर्षं फळ घेणारी. एक बाई व्हिडिओ कॉल लावून बसली. एका हातात खोकं, एका हातात आंबा. "वहिनी, फोटोत बघा आणि हातात बघा. हा पिवळा कसा? यंदा भलतीकडचा माल भरताय काय?" काकू समजावत होत्या, अहो तोच, दर वर्षीचाच, वास घेऊन बघा. बाई म्हणाली, "वास कळतो हो, पण खोक्यावर वेगळाच आहे ना." फळ त्याच कलमांचं होतं. खोटं ठरलं ते फळ. एकीनं घेतलेलं परत पाठवलं, दुसरीनं पुढचं सांगितलेलं नको म्हणून कळवलं, आणि कर्नाटकातला आंबा देवगडचा-रत्नागिरीचा म्हणून विकणाऱ्यांच्या यादीत आमच्या काकू जाऊन बसल्या. संस्थेत सांगितलं तर चेअरमन म्हणाले, "बाकीच्यांची तक्रार नाही. बाकीच्यांनी गिऱ्हाइकाला फोटो पाठवलेत, रंग चढवून."

काकू दुपारी एक खोकं घेऊन स्टुडिओत आल्या, ते टेबलावर आपटलं. स्टुलावर बसल्या. पदरानं मान पुसली.

"तुमचा तो आंबा काढा," त्या म्हणाल्या. "फोनवरून पाठवायला हवाय गिऱ्हाइकांना. लाल करून."

"माझा आंबा लाल होणार नाही."

"मग मी किती जणींना सांगत बसू की खोक्यावरचा खोटा आणि आतला खरा? फळं अढीत पडलीत, अहो. चार दिवसांत साल सुरकुतेल. मग ठेवा तुमची कड राखून."

मला वाटलं, आता हे चप्पल घालून बाहेर जातील; भांडण हरायला लागले की ते स्टँडवर जाऊन एस.टी.च्या गाड्या बघत उभे राहायचे. ते उठलेही. मग काकूंकडं बघितलं. काकू त्यांच्याकडं बघत नव्हत्या, तळहातावरच्या चिकाच्या काळ्या चट्ट्याकडं बघत होत्या, तो खरवडून जात नाही.

काका परत बसले. शर्टात हात घातला, पेन ड्राइव्ह काढला, लावला. आंबा पडद्यावर आला. पहिल्यांदा त्यांनी डाग घेतला. एका क्लिकमध्ये गेला. इतका लहान होता तो. मग ब्रश मोठा केला, लाल घेतला, कड मऊ केली आणि खांद्यावरून खाली, पोरीच्या गालाला हळद लावावी तसा हात फिरवायला लागले. वाईट काम त्यांना करताच येत नव्हतं. लाली अशी मुरत गेली की ती जन्मापासून तिथंच होती असं वाटावं. मी त्यांच्या मागं उभा होतो. त्यांची मानही दिसत होती आणि पडदाही.

हात थांबला. मागं न बघता त्यांनी विचारलं,

"एवढा पुरे, की अजून?"

त्यांनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी टेबलावरच्या खोक्याकडं बघितलं, मग पडद्याकडं.

"अजून थोडा," मी म्हटलं.

त्यांनी लावला.